वीतभर दुमड

निवडणुकीचे निकाल लागले आणि वहिनींची कात्री जी थांबली ती थांबलीच. कापड टेबलावर पसरलेलं, खडूने रेघा मारून झालेल्या, आणि वहिनी कात्री हातात घेऊन नुसत्या उभ्या. मग कात्री खाली, मग चहा, मग पुन्हा कात्री. गल्लीत सगळे त्यांना वहिनीच म्हणत, कारण मशीनवर बसणारी त्यांची नणंद दिवसभर त्याच नावाने हाका मारायची. मापं आणि कापणं वहिनींचं, शिवणं नणंदेचं. पलीकडच्या मुलींच्या शाळेचे गणवेश कित्येक वर्षं या दोघीच शिवत आल्या होत्या. सुट्टीत शिवायचे, शाळा उघडायच्या आत द्यायचे आणि त्या एका हंगामावर दोन घरं वर्षभर चालवायची.

यंदा मात्र मध्येच देव शिरला. खरं तर देवाला कशाला ओढा, त्याची मंडळी शिरली. धर्माचं नाव घेणारे दोन पक्ष भरघोस निवडून आले, तिसरा कुंपणावर बसून स्वतःचा भाव वाढवत होता, आणि सरकार काही केल्या बनत नव्हतं. पण सरकार बनायच्या आधीच ते काय काय करणार हे सगळ्या गल्लीला तोंडपाठ होतं. कोणी म्हणे सिनेमाची थिएटरं बंद होणार, कोणी म्हणे बँकेतले पैसे अडकणार, आणि सगळे एकमुखाने म्हणत की मुलींचे स्कर्ट जाणार, घोट्यापर्यंतचे येणार. कोणी सांगितलं, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवत.

आता सांगा, कापायचं कसं? शाळेचा स्कर्ट गुडघ्याखाली चार बोटं. एकदा कापला की कापला. उद्या हुकूम आला तर त्या ढिगाचं करायचं काय, पिशव्या? आणि न कापून शाळा उघडली तर मुली काय घालून जाणार? कापडवाला एरवी हंगाम संपेपर्यंत थांबायचा, यंदा त्याने ठाण खाली उतरवायच्या आधीच हात पुढे केला. पुढचा माल येईल की नाही याची त्यालाच खात्री नव्हती, आणि सकाळचा भाव संध्याकाळी सांगायला तो तयार नव्हता. घरात होतं नव्हतं ते वहिनींनी त्याच्या हातावर ठेवलं. हा हंगाम बुडाला असता तर दुकानाला कुलूप लागलं असतं, इतकी सरळ गोष्ट होती. नवरा मालट्रकवर, डिझेलच्या रांगेत अडकलेला. तो फोनवर म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. ही माणसं असं बोलतात आणि निवांत झोपतात.

वहिनी शाळेत जाऊन आल्या. मोठ्या बाईंनी बसवलं, पाणी दिलं, पंखा वाढवला, आणि ताकास तूर लागू दिली नाही. लेखी काही आलेलं नाही, म्हणाल्या. मग नेहमीसारखंच कापू का, असं विचारलं तर तसंही मी म्हणत नाही, म्हणाल्या. मग काय करू? तुम्ही अनुभवी आहात, म्हणाल्या. एवढी शिकलेली बाई, पण खुर्ची हलायला लागली की सगळ्यांची जीभ सारखीच जड होते.

राहता राहिला भाचा, म्हणजे नणंदेचा मुलगा. परवापरवापर्यंत कोपऱ्यावर मोबाईलची कव्हरं विकायचा, आता गळ्यात पक्षाचा पट्टा घालून फिरत होता आणि बापाच्या वयाची माणसं त्याला साहेब म्हणू लागली होती. त्याची आई तोंडाने त्याला उडाणटप्पू म्हणायची आणि पट्ट्याला इस्त्री मात्र स्वतः करायची. वहिनींनी त्याला दुकानात गाठलं, स्टुलावर बसवलं आणि विचारलं, तुमचं ठरलंय काय ते एकदा सांगून टाक.

भाच्याने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मामी, खरं सांगू? आम्हालाच कोणी काही सांगत नाही. वरचे आम्हाला विचारतात, लोक काय म्हणतायत."

म्हणजे तोही चाचपडतच होता. वहिनींना त्याची कीव आली आणि रागही आला. अरे, ज्यांनी निवडून दिलं त्यांना माहीत नाही, जे निवडून आले ते आम्हाला विचारतात, आणि इथे माझं कापड टेबलावर वाळत पडलंय.

त्या चिडीतच त्यांना ते सुचलं. शिवणात माया सोडतातच, मूल वाढतं म्हणून दोन बोटं कापड आत ठेवतातच. मग दोन बोटांऐवजी वीतभर ठेवलं तर? स्कर्ट घोट्याइतका लांब कापायचा आणि खालची वीतभर दुमडून आत घ्यायची. वरून पाहिलं तर जुनाच गणवेश. हुकूम आला तर दुमड सोडायची, नाही आला तर राहू दे. नणंदेने आधी नाक मुरडलं, हा स्कर्ट आहे की गादी असं विचारलं. पण कारागीर ती, तिला चैन पडेना. मशीनवर चार तुकडे फुकट घालवून तिने असा टाका बसवला की बाजूचा एकच दोरा धरून ओढला की सगळी दुमड सरसर खाली यावी. कात्री लागायला नको की ब्लेड. दोघी त्या दोऱ्यावर इतक्या खूश झाल्या की पोरींसारख्या तो पुन्हा पुन्हा ओढून बघत बसल्या.

कापड जास्त लागलं, तेवढी पदरमोड केली. पण गणवेश वेळेवर गेले. वहिनी प्रत्येक आईला स्वतः दोरा दाखवायच्या. घाबरू नका, उद्या काही झालंच तर एवढं ओढलं की काम झालं. बायकांचा जीव भांड्यात पडायचा. मोठ्या बाईंनी तर मुद्दाम निरोप धाडून शाबासकी दिली. हंगाम निघाला. कितीतरी दिवसांनी वहिनी पोटभर जेवल्या.

शाळा उघडली. सरकारही बनलं, कुंपणावरचा उडी मारून आत आला. स्कर्टबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. हुकूम नाही, पत्रक नाही, काही नाही.

आपल्या मुलीच्या स्कर्टचा दोरा पहिल्यांदा ओढला तो दवाखान्यातल्या नर्सबाईंनी. वहिनींना रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, तसं काही नाही हो, पण कोपऱ्यावर ती पट्टेवाली पोरं बसलेली असतात, उगाच कशाला. मग नर्सबाईंच्या शेजारणीने ओढला, कारण नर्सबाईंनी ओढला. मग जिचा सगळ्यांत मागे राहील तिच्याकडे लोक बघतील, म्हणून बाकीच्यांनी घाई केली. जी ती भेटली की वहिनींचे आभार मानायची. तुमच्यामुळे सोपं झालं, म्हणायची. वहिनी हसायच्या, आणि दर वेळी ते हसू जरा कमी पडायचं.

एका दुपारी त्या गणवेशाचे राहिलेले कमरपट्टे द्यायला शाळेत गेल्या, तेव्हा मैदानावर मुली रांगेत उभ्या होत्या. इथून तिथून सगळे स्कर्ट घोट्यापर्यंत. वहिनींनी मान लांब करून आपली लेक शोधली. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती कधी एका जागी ठरायची नाही. धावण्यात शाळेचं नाव काढायची. रांगेच्या टोकाला तेवढेच दोन पाय दिसत होते, आणि आजूबाजूच्या मुली तिच्यापासून जराशा लांब सरकून उभ्या होत्या.

संध्याकाळी भिंगरी दुकानात आली ती दप्तर न काढताच खाली बसली. बाजूचा दोरा तिने चिमटीत धरला. नणंदेचा टाका पक्का हुशार, एका ओढीत सगळी दुमड खाली आली.

"सोडलीस कशाला?" वहिनी म्हणाल्या. "तुला धावायचं असतं. आणि कसला हुकूम आलेला नाही. कोणीही काही म्हटलेलं नाही."

"हुकूम कशाला हवा, आई? तू आधीच शिवून दिलास ना."

ती रागाने बोलली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. नणंदेचं मशीन थांबलं. वहिनींना कोणावर तरी ओरडायचं होतं, भाच्यावर, मोठ्या बाईंवर, नर्सबाईंवर. पण कोणीच तर काही केलं नव्हतं. प्रत्येकीला दोरा दाखवला होता तो त्यांनीच.

भिंगरीने स्कर्ट काढून टेबलावर पसरला. दुमड होती तिथे आडवी, पांढुरकी रेघ पडली होती. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"एवढी घालवून दे," ती म्हणाली. "रेघ ताजी दिसली की मुलींना कळतं, कोणी उशिरा सोडला ते."

वहिनींनी फडकं ओलं केलं, रेघेवर अंथरलं आणि दोन्ही हातांनी इस्त्री दाबून धरली.