लिंबू सगळ्यावर चालतं

जुन्या बॅटऱ्या फोडायच्या त्या शेडमध्ये दवाखाना म्हणजे काय, तर अंगणातलं कागदी लिंबाचं झाड. मळमळलं, लिंबू-मीठ चाटा. डोकं धरलं, साल कपाळावर चोळा. खोकल्याला मधातून, पित्ताला पाण्यातून. मालकांच्या आईने म्हणे याच लिंबांवर अर्धी वस्ती बरी केली होती. केलीही असेल. ती माउली शिशाच्या धुरात थोडीच बसत होती!

थोरलीचा राग लिंबावर नव्हता. धाकट्या बहिणीला तिनेच इथे कामाला लावलं होतं आणि आता त्या पोरीच्या पोटात कळा येत, हातातला हातोडा गळून पडे. रक्त तपासायला हवं होतं, पण कामगारांच्या दवाखान्यात मालकाच्या चिठ्ठीशिवाय कुणी दारात उभं करत नसे. तीन महिने थोरली चिठ्ठी मागत होती. मालकांचं उत्तर ठरलेलं. "अगं, लिंबू पाज तिला. लिंबू सगळ्यावर चालतं."

मग झाडाची पानं पिवळी पडली. दोन दिवसांत झाडांचा तज्ज्ञ मोटारीतून हजर! माती घेऊन गेला आणि सोमवारी कागद घेऊन आला.

"जमिनीत शिसं मुरलंय. झाड हलवा, नाहीतर हातचं जाईल."

"आजच हलवतो," मालक कळवळले. "आईच्या हातचं आहे हो. बंगल्यात लावू."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच मातीतली लिंबं पिळून पिळून तिने स्वतःच्या हाताने बहिणीला पाजली होती.

शेडमधल्या बायकांनी मुळांना गोणपाट बांधून झाड टेम्पोत चढवलं. "जपून गं, धक्का लागेल!" मालक ओरडत होते. थोरलीने धाकटीचा हात धरला, तिला वर ओढलं आणि दोघी झाडाला खेटून बसल्या.

"उतरा खाली!"

"नाही उतरत. झाडाची तब्येत तुम्हाला दोन दिवसांत कळली. हिची तीन महिने कळेना. चिठ्ठी लिहा, मग टेम्पो हलेल."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय! आणि त्यावर लिंबू चालत नाही."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली. उन्हात झाडाची मुळं सुकायला लागली होती. मालकांनी एकदा मुळांकडे पाहिलं आणि चरफडत पेन काढलं.

"कुणाच्या नावाने लिहू?"

थोरली उत्तर देणार, तेवढ्यात खाली उभ्या असलेल्या बायका एकेक करून टेम्पोत चढू लागल्या.