धनुबाईचं बोलणं

ऑकलंडहून निघालेली काजल सिंगापूर, मुंबई करत, पुढे रेल्वेने नंदुरबारला उतरून म्हसावदच्या घरी पोचली तेव्हा तिचे पाय सुजले होते. सात वर्षांनी येत होती. आधी कोरोनात सगळं बंद, मग व्हिसाचं भिजत घोंगडं, मग मुलगा लहान. तेवढ्यात मागच्या वर्षी धनुबाईला, तिच्या आईला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. विमानात काजलला झोप नव्हती. आपल्याला बघितलं की आई बोलायला लागेल, हे तिच्या मनाने पक्कं धरलं होतं.

धनुबाईने बघितलं. डाव्या हाताने लेकीचा गाल चाचपला, रडली, आणि बोललीसुद्धा. पण त्यातलं अक्षरही काजलला कळलं नाही.

"माय म्हनी ऱ्हायनी, तुम्ही बारीक व्हई गयात," मागून जागृती म्हणाली. जागृती म्हणजे काजलच्या धाकट्या भावाची, भाग्येशची बायको. पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

काजलने तांब्या घेतला आणि तसाच खाली ठेवला. व्हिडिओ कॉलवर जागृती मध्येमध्ये आईचं बोलणं पुन्हा सांगायची तेव्हा वाटायचं, रेंज खराब आहे म्हणून सांगतेय. आता तर आई हाताच्या अंतरावर होती.

पुढचे दिवस तसेच गेले. धनुबाई खाटेवरून काही म्हणे आणि जागृती कणीक मळतामळता, मान वर न करता उत्तर देई. मधूनच दोघी हसत. काय झालं विचारलं की जागृती सांगायची. पण सांगून झाल्यावर त्यात हसण्यासारखं काही उरायचं नाही. भेटायला येणाऱ्या बायका काजलला म्हणायच्या, तुझी भावजय पोटच्या पोरीसारखं करते हो. काजल हो म्हणायची. पोटची पोर समोरच बसलेली आहे, हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

एका सकाळी ती आईचे केस विंचरत होती. धनुबाई काहीतरी म्हणाली.

"ताई, त्या बाजूले जरा हळू. त्यासले दुखस," जागृती म्हणाली.

काजलने फणी खाटेवर टाकली. "मन्ही माय शे ती. मले समजस."

समजलं काहीच नव्हतं, आणि ते तिघींनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. "तुम्ही शेतस ना, मंग मी खांडबाराले जाई येस." खांडबारा तिचं माहेर, इथून दोन-तीन तासांची वाट.

रागावून निघाली, काजलला वाटलं. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. भाग्येश पपईच्या मळ्यात गेलेला, घर रिकामं, आई एकदाची तिची एकटीची.

धनुबाई दाराकडे बघत पडून होती. काजलने तिला नातवाचे फोटो दाखवले, शाळेची गाडी, मागचा समुद्र. धनुबाईने दोन-चार पाहिले आणि पुन्हा दाराकडे मान वळवली. दुपारी तिने एक शब्द उच्चारला, आणि तो काजलला पहिल्याच वेळी स्वच्छ कळला.

"जागू."

काजल उठून बाहेर ओट्यावर गेली. अंगाचा भडका उडाला होता. तिने जागृतीला फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता, कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं, आणि जागृतीने "बोला ताई" म्हटलं ते अशा मोकळ्या आवाजात, की हा आवाज या घरात आपण एकदाही ऐकला नाही, हे काजलला लगेच जाणवलं.

"आई तुझी वाट बघतेय."

हसणं थांबलं. "येऊ का? संध्याकायनी गाडी शे." मग तक्रारीचा सूर न लावता जागृती म्हणाली, "झटका उना तव्हयपासून मी आठे मुक्कामले उनीच नही. मन्ही मायनं मोतीबिंदूनं ऑपरेशन व्हयनं, तव्हय बी नही."

काजल समुद्र ओलांडून आली म्हणून गल्ली लोटली होती. हिची आई बसगाडीच्या अंतरावर होती आणि हिला कुणी जा म्हटलं नव्हतं. लाज वाटली. त्या लाजेने जळफळाट कमी व्हायला हवा होता, पण आता तर या बाईवर धड रागावताही येत नव्हतं, आणि त्याने तो वाढलाच.

"रविवारपावत ऱ्हाय," ती म्हणाली, आणि मन बदलायच्या आत फोन ठेवला.

संध्याकाळी तिने खिचडी कालवून घास पुढे केला. धनुबाईने ओठ मिटले. "इच्ची," ती म्हणाली.

काजलने उशी सरळ केली. "इच्ची." खिडकी लावली. धनुबाईने डोळे मिटून घेतले, जशी काजलच्या लहानपणी पाढे चुकले की घ्यायची.

"मिरची?"

धनुबाईचा अर्धा चेहरा हसला. काजलला इतका आनंद झाला की ठेच्याचा डबा आणताना ती उंबऱ्याला ठेचकाळली. किती घालायचा? जागृतीला विचारावं म्हणून हात फोनकडे गेला, पण तिने तो मागे घेतला आणि अंदाजाने बोटभर कालवला.

जरा जास्तच झाला. धनुबाईच्या नाका-डोळ्यांतून पाणी आलं. तिने पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.