दोन टोले आणि थांबून एक

मी चटईवाल्याची होडी बोलतेय. होडी म्हणायचं ते आता नावापुरतं. बेटाच्या काठावर पालथी पडले आहे, तळाची एक फळी फुटली आहे, आणि म्हातारा पाठीवर येऊन बसला की कुरकुरण्यापलीकडे माझ्याने काही होत नाही. तोंड मात्र शाबूत आहे. थांबलाच आहात तर सगळं सांगते, पण गोड काही ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर, सडक संपते तिथे, एका सुताराच्या अंगणात माझा जन्म झाला. सुतार हाताचा चांगला आणि जिभेचा तिखट. चटईवाल्याचं तेव्हा नुकतंच लग्न ठरलं होतं. रोज बेटावरून यायचा आणि सुताराच्या डोक्यावर उभा राहायचा.

"मामा, अजून जरा रुंद करा."

"अजून? हत्ती न्यायचाय का रे बाबा?"

"बायकोचं कपाट न्यायचंय."

सुतार हसून हसून खाली बसला, पण त्याने मला रुंद केलं. माझा पहिला फेरा त्या कपाटाचाच होता. कपाट मधोमध उभं, नवी नवरी त्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसलेली, आणि मालक वल्ही मारता मारता सारखे तिच्याकडे बघतायत. तेव्हा मी त्यांना मालक म्हणायचे. मला त्यांचा फार अभिमान होता, हे लपवून काय करू?

बेटावर तेव्हा चार-पाच घरं होती. सहलीला येणारी माणसं उतरायची, हवा छातीत भरून घ्यायची आणि म्हणायची, "काय नशीबवान हो तुम्ही लोक!" आणि उन्हं कलली की आपापल्या घरी पळायची. त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. दाराला कडी घालायची गरज नाही, धूळ नाही, हॉर्न नाही. सकाळी मालक मला घेऊन उथळ पाण्यात शिरायचे, लव्हाळी कापून माझ्यात रचायचे, आणि त्या ओल्या हिरव्या वासात मी परत यायचे. अंगणात लव्हाळी वाळायची, ओसरीवर मालकीणबाई चटया विणायच्या. विणता विणता त्या गुणगुणायच्या आणि ते पाण्यावरून माझ्यापर्यंत यायचं. असं सुख काठावरच्या होड्यांना मिळत नाही.

पण काडेपेटी संपली तरी वल्ही हातात घ्यावी लागतात, हे सहलीवाल्यांना कोण सांगणार? धुकं उतरलं की जे डब्यात असेल ते खायचं आणि गप्प बसायचं. वारा सुटला की दुखणाऱ्या दाढेला बोळा लावून वाट बघायची. शाळा, दवाखाना, सिमेंटची पोती, शेळी, सगळं माझ्याच पाठीवर. मेलेल्या माणसालाही पलीकडेच न्यावं लागायचं, कारण बेटावर खोदलं की हातभर खाली पाणी.

आणि जन्माचंही तेच. मालकीणबाईंना कळा सुरू झाल्या तेव्हा मालकांनी त्यांना माझ्यात निजवलं आणि दाईकडे निघाले. तळ्याच्या मध्यावर आलो आणि मालक वल्ही टाकून त्यांच्याकडे वळायला लागले. त्याही अवस्थेत मालकीणबाई ओरडल्या, "वल्ही सोडू नका! माझं मी बघते!" आणि त्यांनी बघितलं. दाईचं घर येण्याआधीच मुलगी माझ्या फळ्यांवर आली आणि असा टाहो फोडला, की मालक रडता रडता म्हणाले, "अगं, ही तर टिटवी!" तेच नाव पडलं. लव्हाळीच्या एका जुन्या चटईत गुंडाळून आम्ही तिला घरी आणलं. म्हणून ती माझीही लेक आहे असं मी मानते. कोणाला हसायचं असेल तर हसू दे.

आता घंटेचं सांगायला हवं. सडक संपते तिथे एक खांब आहे, त्याला घंटा टांगलेली. बेटावर यायचं असेल त्याने ती वाजवायची. प्रत्येक घराचे टोले वेगळे. शिंपिणीच्या घराचा एकच लांब टोला. आमच्या घराचे दोन टोले आणि थांबून एक. ज्याच्या घराचे टोले त्यानेच होडी घेऊन जायचं, ही बेटाची रीत. दुसऱ्याचा पाहुणा आपल्या होडीतून आणणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर सांगणं, की तुमच्यात माणुसकी उरली नाही. एकदा एका भल्या माणसाने शेजाऱ्याच्या सासऱ्याला आणलं होतं. शेजारी भर धक्क्यावर ओरडला, "आमच्या घरात काय सगळे मेलेत का?" पुढे ती दोन घरं जन्मभर बोलली नाहीत. इतकी मानी माणसं! चारी बाजूंनी पाणी असलं की माणूस स्वतःला राजा समजायला लागतो, असं माझं मत झालं आहे.

टिटवी मोठी झाली. जीभ हातभर लांब, पण मनात काही ठेवायची नाही. सडकेवर येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरशी तिचं जुळलं आणि तिने ते घरी सरळ सांगितलं. माणूस साधा होता, दोन-तीनदा माझ्यात बसून गेला होता, उतरताना मला धरून ओढायला हात लावायचा. मालकांना मात्र तो पटला नाही. खरं तर कोणीच पटलं नसतं. त्यांना जावई बेटावर राहणारा हवा होता.

"लव्हाळी कोण कापणार माझ्यानंतर?" ते म्हणाले.

"बाबा, लव्हाळ्यांसाठी लग्न करू का मी?"

हे धक्क्यावर चाललं होतं आणि सगळं बेट आपापल्या दारात उभं होतं. मालकांच्या नाकावरचा राग डोक्यात गेला. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "जा! पण एकदा गेलीस की आपल्या घंटेला हात लावायचा नाही. लावलास तर मी येणार नाही. हे सगळ्यांनी ऐकून ठेवा."

सगळ्यांनी ऐकून ठेवलं. असल्या गोष्टी लोक बरोबर लक्षात ठेवतात. टिटवीला पलीकडे मीच सोडलं. वल्ही तिने स्वतः मारली, मला तिथे बांधलं, माझ्या काठावरून एकदा हात फिरवला आणि गेली. दुसऱ्या दिवशी मालक शिंपिणीच्या होडीतून येऊन मला घेऊन गेले.

पुढच्या वर्षी लव्हाळ्यांना तुरे आले होते तेव्हा, भर दुपारी घंटा वाजली. दोन टोले आणि थांबून एक. टिटवी शेवटचा टोला नेहमी जरा उशिरा द्यायची, समोरच्याला वाटावं की विसरलीच. मी दोरीला हिसका दिला. वर ओसरीवर मालकीणबाईंच्या हातातली चटई थांबली. त्यांचे गुडघे तेव्हा पार धरले होते, उतार उतरून धक्क्यावर येणं त्यांना जमत नव्हतं, आणि ओसरीवरून झाडांआड तळं दिसत नसे.

"आपली घंटा," त्या म्हणाल्या.

"वारा आहे," मालक म्हणाले.

"वारा काय थांबून थांबून, मोजून वाजवतो होय? जा ना हो. माझ्यासाठी जा."

मालक आले. दोर सोडला, वल्ही घेतली. माझा आनंद काय सांगू! अंगातली सगळी ताकद लावून मी निघाले. तळ्याच्या मध्यावर आलो तेव्हा खांबाजवळ ती स्पष्ट दिसली. कडेवर मूल होतं. तिने आम्हाला पाहिलं आणि मुलाचा हात धरून हलवून दाखवला. मालकांनी वल्ही उचलून धरली. मग वळून बेटाकडे बघितलं. शिंपीण तिच्या धक्क्यावर उभी होती, कोंबडीवाला त्याच्या दारात. सगळे बघत होते, चटईवाला आपला शब्द गिळतो की काय ते.

आणि त्यांनी मला वळवलं. जिथे त्यांची लेक जन्मली, बरोबर त्याच पाण्यात त्यांनी मला वळवलं. मी जड झाले, तिरकी झाले, जे करता येईल ते केलं. पण होडीचं कोण ऐकतं? मागून घंटा वाजतच राहिली. वर गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, "कोणी नव्हतं. वारा होता."

संध्याकाळी शिंपीण मालकीणबाईंना भेटायला आली. ती सांगेल असं मला वाटलं होतं. ती नुसतीच बसली आणि निघताना धक्क्यावर स्वतःशीच पुटपुटली, "आपण कशाला मध्ये पडायचं." त्या दिवसापासून मी मालकांना मालक म्हणणं सोडलं. म्हातारा म्हणते, तेव्हा तो म्हातारा नव्हता तरी.

मालकीणबाई त्यानंतर फार दिवस काढू शकल्या नाहीत. घंटा वाजली की, कोणाच्याही घराची असो, त्या मान वर करायच्या. एकदा मात्र त्यांनी सरळ विचारलं, "तुम्ही त्या दिवशी काठापर्यंत गेला होतात ना?" म्हातारा म्हणाला, "गेलो होतो." त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि गुणगुणणंही थांबवलं. त्या पलीकडे गेल्या त्या चटईत गुंडाळलेल्या, माझ्यात आडव्या. खांबाशेजारून त्यांना नेलं तेव्हा म्हाताऱ्याने घंटेकडे पाठ केली. टिटवीला कोणी कळवलं नाही. ड्रायव्हरची बदली झाली होती म्हणे, आणि शोधायला जायची म्हाताऱ्याची हिंमत नव्हती.

मग बेटावरची घरं एकेक करून उठली. राहिली शिंपीण आणि राहिला म्हातारा. घंटेचा दोर झिजला, त्याला कोणी वाली नाही, आणि आता मात्र ती खरोखरच वाऱ्याने वाजू लागली. कसेही टोले, कधीही. आणि गंमत बघा, ज्याने बायकोला वारा सांगितला, त्याला आता वाऱ्यात लेक ऐकू यायला लागली! टोला पडला की धडपडत यायचा, "आलो, आलो," म्हणत मला पाण्यात ढकलायचा. पलीकडे कोणी नसायचं. बसथांब्यावरची माणसं त्याला हसायची. मला त्याची दया यायची आणि त्या दयेचाच राग यायचा.

असाच एकदा भलत्या वाऱ्यात निघाला आणि पलीकडच्या खडकावर मला आपटलं. फळी फुटली. शिंपिणीच्या होडीमागे बांधून कशीबशी मला ओढत आणली आणि इथे पालथी घातली. सुतार केव्हाच वारला होता. तेव्हापासून घंटा वाजली की म्हातारा माझ्या पाठीवर बसून म्हणतो, "वारा आहे." किराणा शिंपीण आणून देते. रीत मोडत नाही तेवढी मदत करते.

काल वारा नव्हता. लव्हाळ्याचं एक पातं हलत नव्हतं आणि घंटा वाजली. दोन टोले. विसरलीच की काय असं वाटावं इतक्या उशिराने, एक. म्हाताऱ्याची बोटं माझ्या फळीवर घट्ट झाली. मी मनात म्हटलं, बाबा, आज तरी! आज तर लव्हाळी बघ! तो काठी घेऊन उठला, "वारा आहे," म्हणाला आणि आत गेला. शिंपीण धक्क्यावर आली, डोळ्यांवर हात धरून पलीकडे बघितलं, मग आमच्या दाराकडे बघितलं. दार बंद होतं. तीही आत गेली.

आज पुन्हा वाजतेय. आत्ता, मी बोलत असताना. तुम्ही जे कोणी ऐकताय, त्या शिंपिणीची होडी बघा, शेजारीच बांधली आहे, गाठ सोपी आहे. दुसऱ्याच्या घरची घंटा आहे म्हणून अडू नका. मी त्याच घरची होडी आहे. त्या घरात परवानगी द्यायला दुसरं कोणी शुद्धीवर नाही, म्हणून मी देते. वल्ही उचला. मध्यावर गेलात की मागे वळून बघू नका, तेवढंच सांभाळा.

जा हो. वारा नाही तो.