चंद्राआधीची सुई

शेवंताबाई तीन महिन्यांत तिसऱ्यांदा चक्कर येऊन पडल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, यांना घरात एकटं ठेवू नका. मुलगा कृष्णात सरहद्दीवर, सून अर्पिता दिल्ली छावणीतल्या शाळेत शिक्षिका. म्हणजे आता गावी थोरल्या मुलाकडे जायचं आणि मांडीवर निजणारी सहा महिन्यांची नात सोडायची. दिल्ली त्यांना कधी आपली वाटली नव्हती. नात मात्र वाटली होती.

"खाना टाइम पे?" डॉक्टर दर वेळी विचारत. "बिल्कुल," अर्पिता सांगे, आणि शेवंताबाई मान हलवत. खोटं काहीच नव्हतं.

या खेपेला दवाखान्यात जिन्सी नावाची केरळची नर्स आली. तिचं हिंदी शेवंताबाईंच्या हिंदीइतकंच लंगडं, म्हणून दोघींचं जमलं. तिने इन्सुलिनचं रिकामं पेन त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, आज मी पेशंट, तुम्ही मला शिकवा. तुमच्या भाषेत.

शेवंताबाई खुलल्या, मराठीतच सुरू झाल्या. अर्पिता हिंदी करून सांगत राहिली. रात्री आठला सुई, मग भाकरी. "आन् संकष्टीला आठला सुई, मग चंद्राची वाट बघायची."

अर्पिता थांबली. "आत्या, सुई घेऊन उपाशी?"

"कागदावर आठ लिवलंय न्हवं? आन् ताट चंद्र दिसल्यावर. दोन्ही येळेवरच की."

जिन्सीने पडण्याच्या तारखा काढल्या. तिन्ही संकष्ट्या. सुईनंतर पोटात काही नाही, म्हणून रक्तातली साखर उतरत होती.

उपास कृष्णातसाठी होता. डॉक्टरांनी तो सोडा म्हटलं नाही. त्या दिवशी घड्याळ विसरायचं, ताट समोर आल्यावरच सुई. हात थरथरले तर लगेच साखर. जिन्सीने कागदावर चंद्र, ताट, सुई अशी ओळीने चित्रं काढली, आणि सगळ्यात वर साखरेचा डबा.

"साखरेनं उपास मोडतोय, पोरी."

"ते देवाशी तुम्ही बोला. पण साखर खाऊन मग बोला."

ही संकष्टी नीट जाऊ दे, मग गावचं ठरवू, असं अर्पिता म्हणाली.

संकष्टीच्या दिवशी तिन्हीसांजेलाच आभाळ धुरकटलं. अर्पिता भाकरी थापत होती. पाळण्याची दोरी ओढता ओढता दिवसभराच्या उपासानं शेवंताबाईंचा हात कापू लागला. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग देव्हाऱ्याकडे. डबा उघडला. साखर जिभेवर विरघळू दिली.

"त्याला राखाय तू हाईस," त्या देवाला म्हणाल्या, "पर हिला राखाय मी पायजे."

हात हळूहळू स्थिरावला. दोरी पुन्हा हलू लागली. चंद्राला अजून वेळ होता.