उजवीकडचा कप्पा

आमच्या चर्चच्या अंगणात, दारापासून चार पावलांवर, पत्र्याचं एक लांबट खोकं आहे. त्यात दोन कप्पे, दोन्हींत वाळू. डावीकडच्या कप्प्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलंय 'जिवंत' आणि उजवीकडच्यावर 'मृत'. ज्याच्यासाठी मेणबत्ती लावायची तो कुठे आहे ते बघून बाजू धरायची. आमच्या ब्रेइला शहरात शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

मी दोन वर्षं चार महिने दर शनिवारी उजवीकडे जाते. शनिवार हा मेलेल्यांचा वार. माझा मुलगा दोरू ट्रक चालवायचा, हंगेरीत रस्त्यावर गेला. सव्वीस वर्षांचा होता. पुढचं सांगण्यासारखं काही नाही, आणि सांगायला लागले की माझं मलाच ऐकू येत नाही.

मी काही भाविक बाई नाही. सूतगिरणीत तीस वर्षं काढली. त्या काळी, कम्युनिस्ट राजवटीत, ईस्टरला चर्चमध्ये कोण कोण गेलं, याची यादी आमच्या युनियनची सेक्रेटरी सावेता करायची. आता तीच सावेता चर्चच्या दाराशी लाकडी खिडकीत बसून मेणबत्त्या विकते. डोक्याला काळा रुमाल, आवाज मात्र अजून सभेतला.

"तेव्हा तू माझं नाव लिहून घ्यायचीस," मी एकदा तिला म्हटलं.

"आताही घेतेच की, ऑरिका. तेव्हा वर पाठवायचे, आताही वरच पाठवते."

सावेताला गिऱ्हाइकाचं तोंड बघून कळतं तो कशाला आलाय ते. हा गाडीच्या लायसनच्या परीक्षेला, ही नवऱ्याच्या लफड्यापायी. पनाइत नावाचा एक हार्डवेअरवाला आहे, तो दर आठवड्याला सगळ्यात जाड मेणबत्ती घेतो. दुकान चाललंय, पोरं शिकली, बायको गोड स्वभावाची. "मग कशाला येतोस रे बाबा?" असं सावेताने विचारलं, तर म्हणाला, "भीती वाटते हो. इतकं बरं चाललंय." ती हे मला सांगून पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

मी का जायचे? शनिवारी सकाळी सात वाजता घरात बसून काय करायचं हे मला कळत नसे, म्हणून. चर्चमध्ये उभं राहिलं तर कोणी विचारत नाही की का उभ्या आहात. दुधाची पिशवी फ्रीजमध्ये ठेवावी तशी मी मेणबत्ती वाळूत खोचायचे. हाताला जागा पाठ झाली होती. रडायचे नाही, काही मागायचेही नाही.

सावेताकडून मी नावांची छोटी वहीही घेतली होती. तीत डाव्या पानावर घरातल्या जिवंत माणसांची नावं लिहायची आणि उजव्या पानावर गेलेल्यांची, मग पाद्री ती पूजेत वाचतो. माझं उजवं पान भरलेलं होतं: आई, वडील, नवरा, दोरू. डावं कोरं.

नाताळात माझी मुलगी इलिंका आली होती. काडेपेटी शोधायला तिने माझी पर्स उघडली आणि वही तिच्या हाती लागली. डावं पान बघितलं, उलटंसुलटं करून बघितलं.

"आई, मी कुठाय?"

"लिहीन," मी म्हटलं. "राहून गेलं."

"दोन वर्षं राहून गेलं?" तिने वही मिटून टेबलावर ठेवली. "तुला मेलेलीच माणसं लागतात गं. मी मेले असते तर दर शनिवारी भेटली असतीस."

मी भांडी विसळत होते, विसळतच राहिले. तिच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. त्याआधीच्या वर्षी तिचं मूल पोटातच गेलं, तेव्हा मी हॉस्पिटलात तिच्या खाटेशेजारी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. थोड्या वेळाने उठले आणि म्हणाले, येते हं. शनिवार होता. ती भिंतीकडे वळली होती. आईने असं करायचं नसतं हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं, पण पोचत नव्हतं.

मार्चमध्ये, शनिवारीच, सकाळी साडेसातला जावयाचा फोन आला. तिबेरियू तसा शांत मुलगा, पण त्याचा श्वास लागला होता.

"आई, इलिंकाचं ब्लडप्रेशर फार वाढलंय. आठवाच महिना आहे, पण डॉक्टर थांबायला तयार नाहीत. नऊ वाजता आत घेतायत. थांबा, तिला बोलायचंय."

"आई," इलिंका म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "तू आता यायची घाई करू नकोस. तुला आत सोडणार नाहीत. एक काम कर माझं. माझ्यासाठी एक मेणबत्ती लाव."

"तुझा कुठे विश्वास आहे?"

"नाहीये. मला भीती वाटतेय. लाव तू. आणि आई, डावीकडे लाव. कळलं ना? डावीकडे."

"कळलं."

मी दोन मेणबत्त्या घेतल्या. सावेता म्हणाली, "आज दोन?" मी म्हटलं, "इलिंकाचं ऑपरेशन आहे." तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि ऑपरेशन कुठे, कसलं, डॉक्टर कोण ते विचारलं. मी सांगितलं. अंगणात डोम्निका नावाची एक बाई वाडग्यातला कोलिवा सारखा करत होती. उकडलेले गहू, वर साखर आणि अक्रोड, मेलेल्यांच्या नावाने वाटायला आणलेले. तिने मला चमचाभर दिला. मी खाल्ला आणि हॉस्पिटलची बस पकडली.

तिसऱ्या स्टॉपजवळ माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. अंगठ्यावर मेण वाळलं होतं. मी ते नखाने खरवडत होते आणि आठवत होते. खिडकी आठवली. काडी ओढलेली आठवली. दोन्ही मेणबत्त्या एकाच ज्योतीवर धरल्या होत्या. मग वाळूत खोचल्या, एक आणि तिच्या शेजारी दुसरी.

तिच्या शेजारी.

डावीकडे गेल्याचं मला आठवेना. खोक्याला वळसा घालून जावं लागतं, मध्ये पायरी आहे, माझे गुडघे पायरीला कुरकुरतात. गुडघे कुरकुरले नव्हते. मी पोरीला उजवीकडे लावून आले होते. जिवंत पोरीला, ऑपरेशनच्या टेबलावर चढायच्या वेळी.

"थांबवा!" मी ओरडले. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, स्टॉप पुढे आहे." मी म्हटलं, "थांबव रे मेल्या!" असा शब्द माझ्या तोंडून कित्येक महिन्यांत निघाला नव्हता. त्याने थांबवली.

मी पळाले. एकसष्टाव्या वर्षी, जाड कोटात, पर्स छातीशी धरून. लोक बघत होते. देव असला तर त्याला बाजू कळत नसेल का, एवढ्यातेवढ्यावरून तो माणूस उचलेल का, हे सगळं मी पळता पळता स्वतःला सांगितलं. पाय ऐकत नव्हते, पळतच होते. आणि छातीत काहीतरी इतकं धडधडत होतं की मला वाटलं, आता मीच उजवीकडे जाते.

अंगणात पोचले तेव्हा डाव्या कप्प्यात पनाइतची जाड मेणबत्ती आणि तीन बारक्या होत्या. त्या तिन्ही संपत आलेल्या, म्हणजे माझी त्यांत नव्हती. उजवा कप्पा गच्च भरलेला. तीसेक असतील, सगळ्या पिवळ्या, सगळ्या एकसारख्या. यातली माझी कुठली?

मी त्या उपटायला लागले. दोन्ही हातांनी, पेटलेल्याच. वळसा घालून डावीकडे नेऊन खोचायचे, परत यायचे. मेण बोटांवर सांडत होतं. चार, सहा, दहा.

"अगं ए, काय चाललंय?" डोम्निका वाडगं टाकून धावली. "माझा नवरा आहे त्यात!"

"असू दे."

"असू दे काय! जिवंतांत घातलास की त्याला! अकरा वर्षं झाली बाई मला सुटून, परत नकोय तो!"

आणखी दोन बायका आल्या. एक म्हणाली, "हिला वेड लागलंय, पाद्रीबाबाला बोलवा." दुसरी माझ्या कोटाची बाही धरून ओढायला लागली. मी थांबले नाही. एक मेणबत्ती जरी उजवीकडे राहिली आणि तीच इलिंकाची असली तर? सगळ्यांचे मेलेले दोन मिनिटं जिवंत झाल्याने कोणाचं काय बिघडणार होतं?

उजवा कप्पा रिकामा झाला तेव्हा सावेता खिडकीतून बाहेर आली होती. तिने माझ्याकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं.

"दोन्ही उजवीकडे लावल्यास?"

मी मान हलवली.

"बायांनो, गप," सावेता म्हणाली, अगदी युनियनच्या आवाजात. "पोरगी ऑपरेशनला गेलीय तिची. आपापली मेणबत्ती उचला आणि परत जागेवर लावा. ज्या घरी गेल्या त्यांच्या मी लावते. तीस वर्षं याद्या केल्यात मी, कोणाचं कोण ते मला पाठ आहे."

डोम्निकाने वाकून एक मेणबत्ती उचलली. "हाच माझा," ती म्हणाली, "वाकडा उभाय." आणि नवऱ्याला उजवीकडे नेऊन पक्का रोवला. मग बाकीच्यांनी आपापली नेली. सावेता एकेक नाव घेत एकेक हलवत होती: ग्रिगोरेची आई, शाळामास्तर, जुळ्यांतला थोरला. कोणती खरंच कोणाची हे तिलाही कळत नसणार. पण ती इतक्या ठामपणे सांगत होती की कोणी वाद घातला नाही.

शेवटी डावीकडे पनाइतची, त्या तीन बारक्या, आणि शेजारी शेजारी दोन पिवळ्या उरल्या. एकाच उंचीच्या.

"या तुझ्या," सावेता म्हणाली. "आता एक उचल."

"कुठली?"

"कुठलीही. दोन्ही तुझ्याच आहेत."

मी हात पुढे केला आणि हात तिथेच राहिला. दोघं बाजूबाजूला उभी होती, जिवंतांच्या कप्प्यात, माझी दोन्ही मुलं. एकीला तिथे ठेवायचं तर दुसऱ्याला माझ्या हातांनी तिथून काढायचं होतं. शवपेटी दुसऱ्यांनी उचलली होती, माती दुसऱ्यांनी टाकली होती. इतके शनिवार मी मेणबत्त्या लावल्या, पण दोरू मेला असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. मी फक्त हात नेईल तिकडे जात होते.

"सावेता, तू कर."

"मी नाही," ती म्हणाली. "बाकीच्यांच्या केल्या. ही तुझी आहे."

मी उजव्या हाताची उचलली. पायरी उतरले, गुडघे कुरकुरले. वळसा घालून आले आणि डोम्निकाच्या वाकड्या नवऱ्याशेजारी ती खोचली. "दोरू," मी म्हटलं. तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दोरू गेला."

मग मी त्या पायरीवर बसले आणि रडले. कसं रडले ते काय सांगायचं. नाक गळत होतं, रुमाल सापडत नव्हता. डोम्निकाने वाडग्याखालचं फडकं दिलं, त्याला साखर लागलेली होती. मला इतकं दुखत होतं की मला पहिल्यांदा कळलं, गेली दोन वर्षं दुखत नव्हतं.

दहा वाजून गेले होते तेव्हा फोन वाजला.

"मुलगी," तिबेरियू म्हणाला, आणि त्याला पुढे बोलता येईना. "दीड किलोची आहे. काचेच्या पेटीत ठेवलीय. आजचा दिवस, उद्याचा दिवस बघायचं म्हणतात. इलिंका ठीक आहे. देतो."

फोनवर आधी नुसता श्वास आला.

"लावलीस?" इलिंकाने विचारलं. जीभ जड झाली होती.

"लावली."

"कुठे?"

सावेता माझ्याकडे डोळे वटारून बघत होती, आता तरी खोटं बोल म्हणून.

"आधी उजवीकडे लावली," मी म्हटलं. "चुकून. बसमध्ये लक्षात आलं. मग उतरून परत आले आणि डावीकडे लावली."

मला वाटलं, ती भिंतीकडे वळली.

"मला वाटलंच होतं," ती हळूच म्हणाली. मग, "परत आलीस म्हणजे? पुढची बस तर अर्ध्या तासाने असते."

"पळत आले."

"तू?"

"हो."

"माझ्यासाठी पळालीस?"

"हो गं."

ती रडायला लागली. मागून तिबेरियू म्हणत होता, टाके आहेत, रडू नकोस. ती रडतच होती, आणि मला तिचं रडणं अगदी नीट ऐकू येत होतं.

"ये आता," ती म्हणाली. "सावकाश ये."

सावेताने खिडकीतून पेन्सिल आणली आणि मी पर्समधून वही काढली. डाव्या पानावर मी इलिंका लिहिलं, खाली तिबेरियू. बाळाला अजून नाव नव्हतं, तिच्यासाठी एक ओळ सोडली. बस यायला वेळ होता, म्हणून चालतच निघाले. बोटं आता चांगलीच भाजत होती.