थंड चुलीची झोपडी

आमच्या मजुरांच्या कॅम्पात कोर्टकचेरी नव्हती. दुर्गला होती, पण तिथं जायचं तर दिवसाची मजुरी बुडे. म्हणून नळावरचं भांडण असो की कुणाच्या बकरीनं कुणाचे वाळत घातलेले तांदूळ खाल्लेले असोत, रविवारी दुपारी मोहाच्या झाडाखाली मारोतराव बसत आणि ते सांगतील तो निकाल. तुमसरकडच्या आपल्या गावात ते कोतवाल होते, तेवढाच त्यांचा कायदा. बोलण्याआधी दोन्ही बाजूंनी एकाच लोट्यातलं पाणी प्यायचं, ही त्यांची पद्धत. आज त्या जागेवर पक्की घरं आहेत. मोहाचं झाड कुठं होतं हे मला सांगता येतं, दाखवता येत नाही.

झोपड्यांसाठी त्यांनी एक नियम केला होता. कारखान्याच्या बांधकामावर रोज नवी माणसं येत, जुनी न सांगता गावी निघून जात, आणि कुणी कुणी रिकामी झोपडी सुतळीनं बांधून अडवून ठेवत. तेव्हा ज्या झोपडीतली चूल तीन सांजा पेटली नाही ती मोकळी. जो येऊन पेटवेल त्याची. आमची झोपडीही अशीच मिळालेली. माझे यजमान देवाजी यांनी चुलीत हात घालून राख चाचपली, हसले, आणि मला म्हणाले, लाव काडी.

पुढच्या उन्हाळ्यात ते काविळीनं गेले. नवीच वस्ती, तिथलं ते पहिलं मरण. आमच्यात दहाव्यापर्यंत मरणघरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. शेजारच्या अंजनाबाई मला आणि माझ्या तान्ह्या लेकीला, साधनाला, आपल्याच झोपडीत घेऊन गेल्या. नियम करताना मरणाचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि मला तर तेव्हा नियम काय, जेवणही आठवत नव्हतं.

एका सकाळी माझ्या छपरातून धूर निघताना दिसला. आत गोंदियाकडून आलेला गुलाबराव नावाचा माणूस होता, आणि त्याची बायको नलू, दिवस भरत आलेली. आमचं गाठोडं त्यांनी नीट एका कोपऱ्यात ठेवलं होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

झोपडी गेली तर सगळंच जाणार होतं. मुकादम कॅम्पात झोपडी असलेल्या बायांनाच रेजाच्या, म्हणजे डोक्यावर माती वाहण्याच्या, कामाला घेई. आणि काम नसेल तर लेक माझ्याजवळ राहणार नव्हती. दीर बाबाराव यांचा निरोप आला होता: दहाव्याला येतो, पोरीला घेऊन जातो, तिच्या आईनं माहेरी जावं. माहेरी माझं कुणी उरलं नव्हतं.

रविवारी मी मोहाखाली गेले. गुलाबराव पाणी प्यायला, मी प्यायले. मी सुतकाचं सांगितलं. गुलाबराव म्हणाला, त्याला ते कसं कळावं, राखेत कुणी नाव लिहून ठेवलं होतं का. दोन-तीन माणसं हसली. मग तो मारोतरावांकडे वळला.

"नियम तुमचाच ना बाबा? हिच्या नवऱ्यानंबी अशीच घेतली व्हती म्हणते सारी वस्ती. मंग आमालेच कावून उठवता? बायकोले या दिवसांत कुठं नेऊ?"

खोटं काहीच बोलत नव्हता तो. मारोतरावांनी पागोट्याचं टोक पिळलं.

"जया," ते म्हणाले, "आज नियम मोडला तर उद्या जो तो मरणाचं कारण सांगन. पण एका झोपडीत दोन चुली नसाव्या असं मी कधी म्हटलं नाही. सांज व्हायच्या आत तुही चूल पेटव. अर्धी तुही."

"सुतक हाये बाबा."

"मले ठाऊक हाये. म्हणूनच तुले इचारून राहिलो."

मी उठून झोपडीत गेले. विटा मुकादमाच्या ढिगावरच्या, फुटक्या. त्या मांडल्या, काटक्या रचल्या. बाहेर निम्मी वस्ती उभी होती. विस्तव नव्हता. मी अंजनाबाईंकडे पाहिलं. इतके दिवस त्यांनी मला आपल्या ताटातलं खाऊ घातलं होतं, पण सुतकाच्या घराला विस्तव देत नाहीत. लेकरंबाळं आहेत बाई मला, असं पुटपुटत त्या मागे सरकल्या. मग मी एकेकाकडे पाहत गेले आणि एकेक जण नजर वळवत गेला. काडेपेटीही कुणी पुढे केली नाही. ऊन छपराच्या कडेपर्यंत उतरलं होतं. साधना भुकेनं रडत होती.

नलू पोटावर हात ठेवून बसली होती. ती उठली, आपल्या चुलीतलं एक जळतं लाकूड ओढलं. गुलाबरावानं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवला.

"घे," ती मला म्हणाली. "एकाच छपराखाली आहो. तुह्यं सुतक मले कधीचंच लागलं."

काटक्या पेटल्या. देवाजींना जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि मी त्यांच्या घरात भात शिजवायला ठेवला. मारोतरावांनी वाकून जाळ पाहिला आणि ते निघून गेले.

दहाव्याला दीर आले. हातात पिंडाच्या सामानाची पिशवी होती. छपरातून दोन ठिकाणांहून धूर निघत होता. मी चुलीपुढे होते, साधना मांडीवर. ते दारातच थांबले. मी पाण्याचा लोटा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"या घरचं मले काही नको," ते म्हणाले. "पोरगीबी नको."

पिशवी घेऊन ते आल्या वाटेनं परत गेले. देवाजींचा पिंड कुणी दिला नाही. चुलीवर पाण्याला उकळी आली होती, नलू पलीकडून तांदूळ टाक म्हणाली, आणि मी टाकले.