तिसरी नळी

"आई, गुडघे पोटाशी घ्या," म्हणत सुनेनं हॉस्पिटलच्या खाटेवर सासूबाईंना कुशीवर घट्ट धरून ठेवलं.

"हात नको लावूस! विष घालतेस तू मला!"

महिन्यापूर्वीपर्यंत हीच बाई अख्ख्या घराची मुख्याध्यापिका होती. शाळेतून निवृत्त झाली, घरातून नाही. मग एकाएकी झोप उडाली, बोलणं भरकटलं आणि सून जेवणात विष कालवते हे शेजारीपाजारी सांगून झालं. शेजारणींनी येणंजाणं बंद केलं. नवरा काही बोलला नाही. फक्त आईचं ताट वाढलं की पहिला घास स्वतः खाऊ लागला. "मीठ बघतो," म्हणायचा. सून काही दूधखुळी नव्हती. तिला ते फार लागलं.

मणक्यातलं पाणी तपासायला काढायचं होतं. पाठीत सुई गेली. पहिल्या नळीत गुलाबी थेंब पडले.

"रक्त आलं. आता पेशी सापडल्या तरी त्या रक्तातल्या की पाण्यातल्या, काय कळणार?" शिकाऊ डॉक्टर पुटपुटला.

"ते सुईचं रक्त. पुढचं पाणी स्वच्छ येईल," मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशी तिसऱ्या नळीतल्या मोजायच्या."

तिसरी नळी अगदी नितळ भरली. सुनेचा धीर सुटला. इतक्या स्वच्छ पाण्यात काय सापडणार?

सापडलं. डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवलं.

"पांढऱ्या पेशी वाढल्यात, सूज दाखवणारी प्रथिनंही. जंतू नाहीत. शरीराचीच फौज मेंदूवर उलटलीय. बाकी तपासण्या येतील तेव्हा येतील, औषध आजच सुरू. बऱ्या होतील त्या."

"आणि ते विषाचं?" सुनेनं विचारलं.

"सगळं सुजेचं बोलणं."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मी कधी काही म्हटलं का?" तो म्हणाला.

औषध लागू पडलं. हळूहळू सासूबाई उठून बसल्या, नर्सच्या अक्षराला नावं ठेवू लागल्या. घरी जायच्या आदल्या दिवशी सुनेनं डबा उघडला आणि सवयीनं नवऱ्याचा चमचा आधी पुढे आला.

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे काय?"

"मीठ बघतो, आई."

"तेव्हाही बघत होतास. माझ्या डोक्याला सूज होती. तुझ्या डोक्याला काय झालं होतं रे?"

त्यानं चमचा खाली ठेवला. सासूबाईंनी डबा स्वतःकडे ओढला आणि एक घास खाल्ला.

"मीठ कमीच आहे गं," त्या सुनेला म्हणाल्या आणि डबा चाटूनपुसून संपवला.